सार्थ स्पीडटेस्ट

लिनक्स कर्नलाच्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरात 'एमटीडी' नावाचे एक दालन आहे. त्यातल्या 'टेस्ट्स' या कोपऱ्यात 'स्पीडटेस्ट.सी' ही फाइल वर्षानुवर्षे नांदत आली. माथ्यावर नोकिया कॉर्पोरेशन, 2007 असा शिक्का आणि लेखक म्हणून एड्रियन हंटर हे नाव. एमटीडी म्हणजे मेमरी टेक्नॉलॉजी डिव्हाइस, अर्थात राउटर, सेट-टॉप बॉक्स किंवा स्वस्त टॅब्लेटच्या बोर्डावर थेट बसवलेली फ्लॅश चिप. पेन ड्राइव्हमध्ये किंवा एसएसडीत एक कंट्रोलर चिपची सगळी दुखणी झाकत असतो. इथे तसा कोणी नाही. चिप किती वेगाने लिहिते, वाचते आणि पुसली जाते, एवढेच ही फाइल मोजते.

अंधेरीच्या सीप्झपासून पवईपर्यंत बोर्डावरचे सॉफ्टवेअर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या रिपोर्टात शेवटी एक ओळ असते: राइट स्पीड इतके किबी (1024 बाइट) प्रति सेकंद, रीड स्पीड इतके. वाचणारा तो आकडा चिपचा समजतो. खरे तर तो या फाइलमधल्या ओळींचा आकडा आहे. घड्याळ कुठे सुरू करायचे, कोणता ब्लॉक सोडायचा, कोणती चूक माफ करायची हे त्या ओळींनी आधीच ठरवून ठेवलेले असते. म्हणून हे भाष्य.

पाठाविषयी एक खुलासा. या फाइलचे पाठभेद आहेत. मी घेतला आहे तो मिलिसेकंदांत वेळ मोजणारा, 'केटाइम' आल्यानंतरचा पाठ. मूळ ओळी देवनागरीत उतरवल्या आहेत आणि सगळ्या घेतलेल्या नाहीत; ज्या काही ठरवतात तेवढ्याच घेतल्या.

स्टॅटिक इंट डेव्ह = -ईइन्व्हॅल;

कोणत्या उपकरणावर चाचणी चालवायची त्याचा हा क्रमांक. तो दिलाच नाही तर काय धरायचे? आळशी प्रोग्रामर शून्य धरतो. इथे मुद्दाम अवैध किंमत धरली आहे आणि ते फार शहाणपणाचे आहे. एमटीडी उपकरणांची मोजणी शून्यापासून होते आणि पुष्कळ बोर्डांवर शून्य क्रमांकाच्या कप्प्यात बूटलोडर असतो. तो पुसला गेला की बोर्ड पुन्हा उठत नाही.

याच्याच पुढे एक इशारा छापला जातो: सावधान, ही चाचणी दिलेल्या उपकरणावरचा सगळा डेटा पुसते. पण इशारा कोणत्या अटीच्या आत आहे ते पाहा. क्रमांक दिला नसेल तरच तो छापला जातो. ज्याने क्रमांक दिला त्याला इशारा नाही, 'खात्री आहे का' हा प्रश्न नाही. थेट पुसायला सुरुवात. म्हणजे ज्याच्याकडून काहीच बिघडणार नव्हते त्याला उपदेश आणि ज्याचे सगळे जाणार आहे त्याला मुकाट्याने वाट मोकळी. कर्नलातले लोक वापरणाऱ्याला जाणकार धरतात, त्याचा हा नमुना.

एमटीडी = गेट_एमटीडी_डिव्हाइस(नल, डेव्ह);

क्रमांकावरून उपकरण मागून घ्यायचे. साधी ओळ, पण इथेच अनेक यंत्रे गळतात. आपल्याकडचे उदाहरण 'आकाश'चे. आयआयटी मुंबईने पवईतून ज्याची धुरा सांभाळली तो आकाश-2 टॅब्लेट 11 नोव्हेंबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आला. सरकारी खरेदीची किंमत 2,263 रुपये. आत ऑलविनर ए13 प्रोसेसर, 512 एमबी रॅम आणि 4 जीबी फ्लॅश. या किमतीच्या यंत्रात ॲप उघडायला वेळ लागला की दोष कोणाचा, प्रोसेसरचा की फ्लॅशचा, हा प्रश्न खराच होता. त्याचे उत्तर देणारी चाचणी कर्नलात तयार होती, पण ती तिथे चालण्यासारखी नव्हती. ऑलविनरच्या त्या काळच्या कर्नलात फ्लॅश एमटीडीच्या दारातून येतच नसे. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर ती चिप हार्ड डिस्कसारखे ब्लॉक उपकरण म्हणून दाखवी. ही ओळ तिथे 'असे उपकरण नाही' म्हणून परत फिरली असती.

मग डीडी नावाच्या कमांडने ब्लॉक उपकरणावर मोठी फाइल लिहायची आणि वेळ पाहायची. आकडा तोही येतो. पण त्यात चिप असते, तो ड्रायव्हर आतल्या आत जे ब्लॉक इकडून तिकडे हलवतो ते काम असते, आणि कर्नलाने रॅममध्ये धरून ठेवलेला, चिपपर्यंत अजून पोचलेलाच नसलेला डेटाही असतो.

इफ (एमटीडी->राइटसाइझ == 1) पीजीसाइझ = 512;

फ्लॅशची दोन मोठी घराणी: नॉर आणि नँड. नँडमध्ये एका वेळी अख्खे पान लिहावे लागते. नॉरमध्ये एक बाइटही लिहिता येते, म्हणून तिथे 'पान' असे काही नाही. चाचणीला मात्र पानागणिक वेग मोजायचा आहे, तेव्हा 512 बाइटचे पान मानून घेतले. नॉर चिपचा 'पेज रीड स्पीड' कोणी सांगितला तर ते पान चिपचे नसून या ओळीचे आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

पीरँडम_बाइट्स(आयओबफ, एमटीडी->इरेजसाइझ);

एका इरेझब्लॉकएवढ्या बफरात यादृच्छिक बाइट भरायचे. इरेझब्लॉक म्हणजे एका दमात पुसता येणारा सर्वांत छोटा तुकडा. 2048 बाइटची 64 पाने असलेल्या नेहमीच्या नँडमध्ये तो 128 किबी असतो.

शंका अशी की शून्ये भरली असती तर काय बिघडले असते? बिघडले असते. पुसलेल्या फ्लॅशमधला प्रत्येक बिट 1 असतो आणि लिहिणे म्हणजे हवे तिथे 0 करणे. सगळे 1 असलेला डेटा लिहायला दिला तर चिपला करायला काही उरतच नाही, आणि सगळे 0 दिले तर कोणत्याही खऱ्या फाइलमध्ये नसते असे टोक गाठले जाते. यादृच्छिक बाइट या दोन टोकांच्या मधे पडतात.

ही ओळ घड्याळ सुरू होण्याच्या पुष्कळ आधी, एकदाच येते, याचेही कौतुक केले पाहिजे. प्रत्येक ब्लॉकसाठी नवे बाइट तयार केले असते तर ते तयार करण्याचा वेळ चिपच्या नावावर चढला असता.

इफ (बीबीटी[आय]) कंटिन्यू;

बीबीटी म्हणजे बॅड ब्लॉक टेबल. नँड चिप कारखान्यातूनच काही खराब ब्लॉक घेऊन येते. उत्पादक तशी खूण करून ठेवतो आणि वापरता वापरता त्यात भर पडते. चाचणी आधी सगळी चिप चाळून ही यादी करते आणि मग प्रत्येक फेरीत त्या ब्लॉकांना वगळते. हिशेबातही फक्त चांगले ब्लॉक धरले जातात. वेगाच्या दृष्टीने हे न्याय्य आहे. पण परिणाम असा की शंभर ब्लॉक खराब असलेली चिप आणि एकही खराब नसलेली चिप वेगाच्या आकड्यात सारखीच दिसतात.

स्टार्ट = केटाइम_गेट();

सगळ्या फाइलचा प्राण या ओळीत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

आधी घड्याळ कोणते ते पाहू. जुन्या पाठात इथे 'टाइमव्हॅल' होते, म्हणजे भिंतीवरचे घड्याळ: आज किती तारीख, किती वाजले. ते बदलण्यामागे 2038 सालची अडचण होती. त्या वर्षी 32 बिटांतली सेकंदांची मोजणी भरून उलटते, म्हणून कर्नलभर 32 बिटांचे काळ शोधून काढण्याची मोहीम चालली आणि तीत ही फाइलही आली. माझ्या मते या बदलाचा मोठा फायदा दुसराच आहे. छोट्या बोर्डांवर तारीख जपणारी बॅटरी बहुधा नसते. बोर्ड सुरू होतो तेव्हा तो 1970 सालात असतो. नेटवर्क मिळाले की कोणी तरी त्याला आजची तारीख सांगतो आणि भिंतीवरचे घड्याळ एका उडीत पन्नास वर्षे पुढे जाते. ती उडी चाचणीच्या मधोमध आली तर वेग जवळजवळ शून्य. केटाइम_गेट जे घड्याळ वाचते ते बोर्ड सुरू झाल्यापासून फक्त पुढे जाते, त्याला कोणी उडी मारायला लावत नाही. कालावधी मोजायला तेच हवे.

आता घड्याळ कुठे लावले ते. 26 जुलै 2005 च्या पावसाचा आकडा मुंबईत कोणालाही विचारा, 944 मिलिमीटर असेच उत्तर येईल. तो सांताक्रूझच्या वेधशाळेतल्या पर्जन्यमापकाचा आकडा, चोवीस तासांचा. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम 73 मिलिमीटर नोंदले गेले. दोन्ही मापके चोख, दोन्ही आकडे खरे. मापक कुठे ठेवले आहे हे न सांगता 'मुंबईतला पाऊस' म्हणणे तेवढे चुकीचे.

फ्लॅशचेही तसेच आहे. तिच्या वर अनेक मजले आहेत. सर्वांत खाली चिप. तिच्यावर बस, मग ती बस हाकणाऱ्या कंट्रोलरचा ड्रायव्हर, मग नँडचा सामाईक कोड, मग एमटीडी. त्याच्यावर यूबीआय, त्यावर यूबीआयएफएससारखी फाइल सिस्टिम आणि सगळ्यांत वर ज्याला फाइल उघडायची आहे तो प्रोग्राम. आपली ओळ घड्याळ लावते ते एमटीडीच्या दारात. फाइल सिस्टिमचा खर्च तिच्यात येत नाही. ड्रायव्हरचा, बसचा आणि चिपचा येतो. हीच चाचणी 'एमटीडी-यूटिल्स' या संचात 'फ्लॅश_स्पीड' नावाने कर्नलाबाहेर चालते. तिच्यात सिस्टिम कॉलचा आणि डेटा कर्नलाच्या सीमेपलीकडे नकलण्याचा खर्च वाढतो. एकाच चिपचे हे दोन आकडे जुळले नाहीत म्हणून दोन टीमनी एकमेकींवर ईमेल टाकण्याची गरज नसते.

आता चिपच्या अगदी जवळ जाऊन हिशेब करू. जुन्या एसएलसी (एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या) नँडच्या डेटाशीटमध्ये नमुन्याचे आकडे असे असतात: पान आतल्या रजिस्टरात वाचायला 25 मायक्रोसेकंद, लिहायला 200, ब्लॉक पुसायला दीड-दोन मिलिसेकंद. आठ बिटांची बस दर 25 नॅनोसेकंदांना एक बाइट नेते असे धरले तर 2048 बाइट न्यायला 51 मायक्रोसेकंद लागतात. वाचण्यात चिपचे 25 आणि बसचे 51! एका पानाला 76 मायक्रोसेकंद, म्हणजे फार तर 26,300 च्या आसपास किबी प्रति सेकंद. लिहिताना 200 अधिक 51, म्हणजे 8,000 च्या आतबाहेर. यावरून दिसते ते असे की वाचन मंद वाटले तर बसचा वेग पाहावा आणि लेखन मंद वाटले तर चिपच बदलावी लागेल. बसची वेळ कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये ठरते, आणि बोर्ड एकदा चालला की ती बदलायच्या फंदात कोणी पडत नाही. कितीतरी बोर्ड चिपला झेपेल त्याहून कमी वेगाने आयुष्य काढतात ते यामुळे.

एर = एमटीडीटेस्ट_रिलॅक्स();

प्रत्येक ब्लॉकनंतर ही ओळ येते आणि ती घड्याळाच्या आत आहे. तिचे काम दोन: प्रोसेसर दुसऱ्या कोणाला हवा असेल तर द्यायचा आणि वापरणाऱ्याने मधेच थांबवले आहे का ते पाहायचे. हे नसते तर मोठ्या चिपवर कर्नल मिनिटेच्या मिनिटे अडकून बसला असता. पण प्रोसेसर दुसऱ्याला दिला तो वेळही चिपच्याच नावे लागतो. बोर्डावर वेब सर्व्हर चालू ठेवून कोणी ही चाचणी केली तर त्याच्या आकड्यात तो सर्व्हरही आहे.

इफ (एमटीडी_इज_बिटफ्लिप(एर)) एर = 0;

ही ओळ स्पीडटेस्टच्या फाइलमध्ये नाही, चाचण्यांच्या सामाईक फाइलमध्ये आहे. वाचन तिथूनच होते म्हणून भाष्यात घेतली. वाचताना ठरलेल्या मर्यादेइतके बिट उलटलेले आढळले आणि ईसीसी या चूक-दुरुस्तीच्या व्यवस्थेने ते दुरुस्त केले, तर एमटीडी तसे कळवते. ही ओळ ती खबर पुसून टाकते.

शिवाय स्पीडटेस्ट वाचलेला डेटा लिहिलेल्या डेटाशी ताडून पाहतच नाही. वेग मोजताना तुलना नको हे समजण्यासारखे आहे, तुलनेलाही वेळ लागतो आणि त्यासाठी शेजारीच वेगळी चाचणी आहे. पण दोन्ही मिळून अर्थ असा की म्हातारी होत चाललेली, पानागणिक दुरुस्ती लागणारी चिप या चाचणीतून निमूट पास होते. ईसीसी सॉफ्टवेअरमध्ये असेल तर दुरुस्तीचा भार प्रोसेसरवर पडतो आणि वेग हळूहळू घसरतो. आकडा घसरलेला दिसेल, कारण दिसणार नाही.

'वाचले' म्हणजे नक्की केव्हा वाचले, हा प्रश्न मुंबईत फ्लॅशच्या आधीपासूनचा आहे. टीआयएफआर या संशोधन संस्थेत 1960 साली चालू झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची स्मृती फेराइट कड्यांची होती, 40 बिटांचा शब्द. फेराइट कडे वाचायचे म्हणजे ते शून्याकडे ढकलून पाहायचे. वाचताच मजकूर नाहीसा होतो, म्हणून लगेच परत लिहावा लागतो. त्यामुळे तिथे दोन वेळा सांगाव्या लागत: शब्द हाती येण्याची आणि कडे पुन्हा तयार होण्याची. फ्लॅश वाचताना पुसली जात नाही, पण मघाच्या हिशेबातल्या 25 आणि 76 मायक्रोसेकंदांतला फरक याच जातीचा आहे.

इरेझब्लॉक, पेज, 2 पेज

ही ओळ नव्हे, तीन फेऱ्यांची नावे. पहिली फेरी एका हाकेत अख्खा ब्लॉक लिहिते-वाचते, दुसरी एक पान, तिसरी दोन पाने. बहुतेक जण पहिला आकडा उचलतात आणि बाकीचे सोडून देतात. माझ्या मते खरा ऐवज उरलेल्या दोनांतच आहे.

समजा, दर हाकेचा ठरीव खर्च ह आणि दर पानाचा खर्च प. एक पान वाचायला ह+प, दोन वाचायला ह+2प. दोन्ही वेगांवरून दोन्ही वेळा काढा, वजाबाकी करा, प मिळतो आणि मागोमाग ह. उदाहरणाला गृहीत आकडे घेऊ. पेज रीड 20,000 किबी प्रति सेकंद आला, म्हणजे 2 किबीला 100 मायक्रोसेकंद. दोन पानांचा 22,727 आला, म्हणजे 4 किबीला 176. वजाबाकी 76, तो प. आणि ह 24. ताळा पाहायचा तर 64 पानांच्या ब्लॉकला 24 अधिक 64 गुणिले 76, म्हणजे 4,888 मायक्रोसेकंद लागावेत आणि ब्लॉकचा वेग 26,187 यावा. प्रत्यक्षात तो बराच वेगळा आला तर ड्रायव्हर सलग पानांसाठी काही वेगळे करतो आहे असे समजावे. ह मोठा आला तर चिपला बोल लावू नये. डीएमए जुळवण्यात किंवा इंटरप्टची वाट पाहण्यात वेळ जात असावा आणि तो दुरुस्त करणे आपल्या हातात आहे.

इफ (एमएस == 0) रिटर्न 0;

भागाकार शून्याने होऊ नये म्हणून पहारा. ओळ हवीच, पण तिने दिलेले उत्तर मजेदार आहे. काम एका मिलिसेकंदाच्या आत उरकले तर वेग शून्य! लॅपटॉपवर 'एमटीडीरॅम' मॉड्यूल चढवून रॅमचेच एमटीडी उपकरण बनवता येते. त्यावर 'काउंट=1', म्हणजे एकच ब्लॉक, असे देऊन चाचणी चालवली की 128 किबी वाचायला मिलिसेकंद लागत नाही आणि कर्नल गंभीर चेहऱ्याने छापतो: वेग शून्य किबी प्रति सेकंद.

पवईच्या आयआयटीत ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना एक्सव्ही6 ही छोटी प्रणाली वापरतात. तिच्या एक्स86 पाठातले घड्याळ सेकंदाला सुमारे शंभर ठोके देते, म्हणजे एक ठोका 10 मिलिसेकंदांचा. ठोके मोजून वेग काढणाऱ्याला तिथे हे शून्य आणखी लवकर भेटते. उपाय एकच: घड्याळ बारीक करता येत नसेल तर काम मोठे करायचे.

के = गुडईबीकाउंट * (एमटीडी->इरेजसाइझ / 1024) * 1000;

कंसातला भागाकार पूर्णांकांचा आहे. 128 किबीच्या ब्लॉकला काही फरक पडत नाही. डेटाफ्लॅश या जातीच्या चिपमध्ये मात्र इरेझब्लॉक 1056 बाइटचा असू शकतो: भागाकार 1, आणि तीन टक्के गायब. 528 बाइटचा असेल तर भागाकार शून्य, मग गुणाकारही शून्य. आधी गुणून मग भागायचे, हा शाळेतला नियम पाळला असता तर हे टळले असते.

ब्लॉक्स = 1 << के;

शेवटच्या फेऱ्या पुसण्याच्या. आधी एकेक ब्लॉक, मग एका हाकेत 2, 4, 8, 16, 32 आणि 64 ब्लॉक. एकेकाचा वेग आणि 64 चा वेग शेजारी मांडून 'मोठ्या हाकेचा इतका फायदा' असे सांगण्याचा मोह होतो. त्याला दोन अडचणी. पहिली अशी की मधे खराब ब्लॉक आला की साखळी तिथेच तुटते. खराब ब्लॉक विखुरलेले असतील तर '64' म्हणून छापलेल्या फेरीतल्या कित्येक हाका पंधरा-वीस ब्लॉकांच्याच असू शकतात. दुसरी अशी की एकेक ब्लॉक पुसण्याच्या फेरीत चिप भरलेली असते. पुढच्या सहाही फेऱ्या आधीच पुसलेली चिप पुन्हा पुसतात. भरलेला ब्लॉक आणि रिकामा ब्लॉक पुसायला सारखाच वेळ लागतो असे धरून चालता येत नाही. नॉर चिप तर पुसण्याआधी आतल्या आत सगळे बिट 0 करून घेते, त्यामुळे तिथे ब्लॉकमध्ये आधी काय होते यावर वेळ ठरतो.

आणि आता सगळी पुसणी मोजू. प्रत्येक लेखनफेरीच्या आधी एकदा, म्हणजे तीन. वेळ लावून एकेक ब्लॉक पुसण्याची एक. आणि या सहा. एकदा चाचणी चालवली की चांगला ब्लॉक दहा वेळा पुसला जातो. एसएलसी चिपला साधारण 1,00,000 पुसण्या सोसतात, तिथे दहाचे काही नाही. एमएलसीच्या (एका पेशीत अनेक बिट ठेवणाऱ्या) कित्येक चिपना 3,000 च्याच आसपास. रोज रात्री आपोआप चालणाऱ्या चाचण्यांच्या यादीत कोणी स्पीडटेस्ट टाकली, तर सुमारे तीनशे रात्रींत तो बोर्ड नुसता वेग मोजून संपतो. अशा बोर्डावर 'काउंट' देऊन थोडेच ब्लॉक झिजवावेत, किंवा चाचणीसाठी एक कप्पा कायमचा राखून ठेवावा.

स्टॅटिक व्हॉइड __एक्झिट एमटीडी_स्पीडटेस्ट_एक्झिट

आत काही नाही, नुसते परत फिरणे. सगळी चाचणी मॉड्यूल चढतानाच होऊन गेलेली असते. चढल्यावर ते काहीही न करता बसून राहते. म्हणून तीच इन्समॉड कमांड दुसऱ्यांदा दिली की 'आधीच चढलेले आहे' अशा अर्थाचे उत्तर मिळते आणि नवा माणूस गोंधळतो. आधी आरएममॉडने उतरवायचे, मग परत चढवायचे. पहिल्या वेळचे आकडे डीमेसेजच्या लॉगमध्ये असतात. तो लॉग ठरावीक आकाराचा असतो, भरला की जुने जाऊन नवे येते. तेव्हा उतरवण्याआधी ते फाइलमध्ये काढून घ्यावेत, आणि सोबत कर्नलाची आवृत्ती, बसची वेळ, ईसीसी कोण करते ते आणि 'काउंट' किती दिला होता तेही लिहावे.